साहेबाशी बोलायला शिकलो

बायको जाऊन सहा महिने होत आले होते आणि माझं बूड घरात टिकत नव्हतं. धरणाचं पाणी गावावर येणार, पावसाळ्याआधी घरं मोकळी करा, असं धरणवाले सांगून गेले होते. तिचं वर्षश्राद्ध दिवाळीच्या तोंडावर. ते याच घरात व्हावं, एवढंच मला हवं होतं. तिला दुसरं घर ठाऊक नव्हतं, येईल कुठं?

धरणाच्या गोऱ्या साहेबाला सांगायचं तर मध्ये कारकून. आमचं निम्मं बोलणं तो गिळायचा. म्हटलं, आपणच बोलू.

पौडहून आलेला एक तरुण मास्तर देवळात इंग्रजी शिकवायचा, धरणावर नोकरी मिळावी म्हणून बसणाऱ्या पोरांना. त्यांच्यात जाऊन बसलो. एक पोरगा म्हणाला, "आजा, तुमी आता बालिष्टर व्हनार व्हय?"

"तुज्या आधी हुईन," मी म्हटलं.

मास्तर सांगे, इंग्रजीत करणारा आधी, त्यानं काय केलं ते लगेच, बाकीचं मागनं. मला ते सदरा उलटा घातल्यासारखं वाटायचं. पाटीवर अक्षर काढायचं तर बोटं वळत नव्हती, नांगराची मूठ धरलेला हात तो. तोंडी मात्र जमलं, कारण मास्तर पाढ्यासारखं सुरात म्हणवून घ्यायचा. धिस इज माय हँड, धिस इज माय गोट. शेवटी माझ्यापुरतं एक वाक्य त्यानं जोडून दिलं, घर दिवाळीपर्यंत राहू द्या म्हणून. भाकरी खातानाही मी तेच पुटपुटायचो. सून घाबरून बघायची.

मग साहेब घोड्यावरून, पाणी कुठवर येणार त्याच्या खुणेचे दगड बघायला आला. मी पुढं झालो आणि नेमकं तेच वाक्य आठवेना. पाढा कुठं मधनंच म्हणता येतो? पहिल्यापासून धरला. हात, पाय, झाड, शेळी, सगळं सुरात, मान हलवत. मागं पोरं खदखदा हसत होती. मी थांबलो नाही. असा शेवटी दिवाळीवर आलो.

साहेब वाकून बराच वेळ बोलला. मला एक अक्षर कळलं नाही. बोलायचं शिकलो होतो, ऐकायचं कुणी शिकवलंच नव्हतं. पुन्हा कारकुनाकडंच बघावं लागलं.

"साहेब म्हणतात, या वयात फार छान शिकलात."

"आन् घराचं?"

"घर पावसाच्या आधीच सोडायचं. त्यात बदल नाही."

साहेब इतका वेळ आणखी काय बोलला, कुणास ठाऊक. अजून डोक्यात फिरतं.

घर सुटलं. वर्षश्राद्धाचं पान टेकडीवरच्या नव्या छपरापुढं मांडलं. खाली सगळं पाणी. दुपार कलली तरी कावळा शिवेना. भावकी तिला काहीबाही कबूल करत होती, पोराला बघू, नातवाचं लगीन करू. मला बसवेना. उठलो आणि तिला वाट सांगितली.

"पान्यात जुनं घर हुडकू नगंस. देवळाचा कळस दिसतोय, तितनं वर चढ. छप्पर हाय बघ. मी हितंच हाय."