व्हितोचं काँक्रीट

व्हितो भेटल्या भेटल्या हात मिळवत नसे, तळहात दाखवत असे. दोन्ही, उताणे, थेट आपल्या नाकासमोर. त्यांवरचे घट्टे आपण नीट बघून घेतले की म्हणायचा, "हे सगळं फॅमिलीसाठी, मेट." पहिल्या दिवसापासून मला या माणसाचा वैताग आला. कष्टांचा मला तिटकारा नाही, त्यांच्या प्रदर्शनाचा आहे.

मेलबर्नमध्ये तेव्हा आम्हा विद्यार्थ्यांचा पूर लोटला होता. नाव अकाउंटिंगचं आणि डोळा पी.आर.वर, म्हणजे तिथे कायमचं राहण्याच्या परवान्यावर, असे पुण्या-मुंबईचे आम्ही ढीगभर. ग्लेन वेव्हर्लीत व्हितोच्या घरी मला खोली मिळाली. हा गडी इटलीतल्या कुठल्याशा खेड्यातून तरुणपणी बोटीने आला, जन्मभर लोकांच्या अंगणात काँक्रीट ओतलं आणि हे अवाढव्य घर उठवलं. मुलांनी लग्नानंतरही इथेच राहावं म्हणून प्रत्येकाची वेगळी खोली. मुलांना विचारायचं मात्र राहून गेलं होतं. ती केव्हाच पांगली, आणि त्यांच्या खोल्यांत आम्ही भाडेकरू.

उरली बायको, रोझा. घरात संगमरवरी ओट्याचं झकास स्वयंपाकघर होतं, पण ते पाहुण्यांना दाखवायला. रोझाने रांधायचं गॅरेजमधल्या शेगडीवर. घरातलं खराब होतं ना, असं हा मोठ्या कौतुकाने सांगायचा. तिची स्वतःची म्हणावी अशी जागा एकच, मागच्या अंगणातला वाफा. थोडे टोमॅटो, थोडी बेझिल आणि एक खुर्ची. दुपारी ती तिथे नुसती बसून असे. मी दिसलो की टोमॅटो तोडून द्यायची आणि तिथेच खायला लावायची.

विद्यार्थी वाढले तशी व्हितोला हाव सुटली. वाफ्याच्या जागी आणखी दोन खोल्या काढायच्या, असं त्याने जेवताना जाहीर केलं. रोझा नको म्हणाली. नवऱ्याला तिने अडवलेलं मी तेव्हा प्रथमच ऐकलं. त्याने नातवंडांचं शिक्षण पुढे केलं. मुलगी तेरेझा आईची बाजू मांडायला आली, तर टोमॅटो काय, दुकानात मिळतात, म्हणून तिला वाटेला लावलं.

एका शनिवारी रोझा चर्चमध्ये फुलं मांडायला गेली आणि या कुटुंबवत्सल गृहस्थाने तेवढ्यात काँक्रीटचा ट्रक बोलावला. ती परतली तेव्हा खुर्ची भिंतीला टेकवलेली होती आणि हा थापीने ओलं काँक्रीट सारखं करत शीळ घालत होता. इतका निर्लज्ज आनंद मी फार कमी चेहऱ्यांवर पाहिलाय.

रोझा रडली नाही. तिने तेरेझाला फोन केला आणि बॅग भरली. तेरेझा गाडी घेऊन आली, तेव्हा कुठे व्हितोच्या डोक्यात प्रकाश पडला. तो दारात आडवा उभा राहिला.

"मी हे सगळं कोणासाठी केलं?"

रोझा एरवी त्याच्याशी इटालियनच बोलायची. त्या दिवशी आम्हा पोरांनाही कळावं अशा इंग्लिशमध्ये म्हणाली, "तुझ्यासाठी, व्हितो. तुला आवडत होतं म्हणून केलंस. आता त्याला माझं नाव लावू नकोस."

गाडी गेली. तो मागे धावेल, निदान फाटकाशी थांबेल, असं मला वाटलं होतं. तो अंगणात गेला, वाकून बोटाने काँक्रीट दाबून पाहिलं आणि मला विचारलं, "तुझ्या युनीत खोली शोधणारं कुणी आहे का?"

निम्मा वर्ग शोधत होता. कुणी नाही, म्हणालो.