भोंग्याने हळू मारलेली हाक

कोर्टाच्या व्हरांड्यात नावं पुकारणाऱ्या त्या पट्टेवाल्याला सगळे भोंगा म्हणायचे, आणि तोही ते नाव मिरवायचा. आवाजच तसा होता हो! एकदा त्यानं एका साक्षीदाराला हाक मारली, तर समोरच्या न्हाव्याकडे बसलेला, त्याच नावाचा भलताच माणूस अर्ध्या गालावर साबण घेऊन धावत आला आणि पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, "साहेब, मी काही केलेलं नाही!" न्यायाधीशसुद्धा तोंडापुढे फाईल धरून हसले.

पण हाक म्हणजे तिथं पोरखेळ नव्हता. फिर्यादीला तीनदा पुकारायचं. तिसऱ्या हाकेलाही तो आत आला नाही, की त्याचा खटला तिथंच बाद. म्हणून व्हरांड्यातल्या लोकांनी आपली आपणच एक रीत पाडली होती. हाक झाली की जवळचा लांबच्याला सांगणार, लांबचा फाटकातल्याला. "अहो, तुम्हाला बोलावतायत, पळा!" ना ओळख ना पाळख, पण निरोप पोचवायचाच. भोंग्याला त्या माणसांचं भारी कौतुक. घरी बायकोला सांगायचा, "भांडायला येतात खरे, पण मनाचे चांगले असतात गं."

आता कायद्याचं सांगतो. फार जुना कायदा होता तो. बायकोचं दुसऱ्याशी सूत आहे अशी फिर्याद नवऱ्यानं केली, की ती आणि तो, दोघांची रवानगी तुरुंगात. नवऱ्यानं मात्र बाहेर काहीही दिवे लावले, तरी बायकोला फिर्यादीची सोयच नाही.

त्या कायद्यात एकदा खुद्द मंत्रीच सापडले. एका फोटोग्राफरची बायको, मंत्र्यांचा बंगला, बंगल्याचं मागलं दार. सगळं शहर जाणून होतं. फोटोग्राफर बिचारा बरीच वर्षं गिळून बसला आणि एक दिवस फिर्याद ठोकून मोकळा झाला. वकील एकही मिळेना. तारखेला तो एकटाच येऊन जिन्याखालच्या नळापाशी बसला. तेवढ्यात मोठे कारकून भोंग्याजवळ आले.

"आज घसा जरा जपा हं."

"माझ्या घशाला काय धाड भरलीय?"

"घशाला नाही हो. पण बदली झाली लांबच्या कोर्टात, तर तिथली हवा मानवायची नाही तुम्हाला."

भोंगा घरसंसारी माणूस. निजलेलं पोर उठवावं तशी त्यानं हाक मारली. तीनदा मारली. पुढच्या बाकावरच्यांना ती स्वच्छ ऐकू आली. पण एकजण चपलेचा पट्टा लावायला वाकला, दुसरा पेपरात शिरला, तिसऱ्याला एकाएकी खोकला आला. निरोप काही बाकावरून पुढे सरकला नाही. खटला बाद झाल्यावर फोटोग्राफर येऊन विचारतो, "माझी हाक कधी हो?" भोंग्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुढे तो कायदाच काढून टाकायचा विषय निघाला. तेव्हा हेच मंत्री भर सभागृहात छातीवर हात ठेवून म्हणाले, "हा कायदा गेला, तर घराच्या दाराला कडी उरणार नाही!" बाकं वाजली, टाळ्या पडल्या. कायदा राहिला.

आणि मग त्याच कायद्यानं भोंग्याच्या धाकट्या बहिणीला गाठलं. तिचा नवरा तिला टाकून केव्हाच दुसरीकडे संसार थाटून बसला होता. ही शिवणकाम करून राहायची. गल्लीच्या तोंडाशी एक सायकलवाला होता, विधुर. तो मशीनला तेल घालायला यायचा. मग जेवायला येऊ लागला, मग राहिलाच. दोघंही बऱ्याच काळानं हसत होती. नवऱ्याच्या कानावर हे गेलं आणि त्याची अब्रू जागी झाली.

साक्षीच्या दिवशी नवऱ्याचा वकील दुसऱ्या खोलीत अडकला होता आणि नवरा फाटकाबाहेर चहा पीत उभा होता. भोंग्यानं ते पाहिलं. तीन हाका, हळू, आणि बहीण सुटली! मंत्र्यासाठी जमलं, ते पाठच्या बहिणीसाठी का जमू नये?

पहिली हाक त्यानं ओठांतल्या ओठांत मारली. कुणी हललं नाही. दुसरीही तशीच मारली. आणि पुढच्या बाकावरचा एक म्हातारा टुणकन उठला. "अरे, त्या बाईचा नवरा कुठाय? त्याला पुकारतायत!" झालं! बाकावरून जिन्यावर, जिन्यावरून फाटकात, एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या. कुणाच्या चपलेचा पट्टा सुटला नव्हता, कुणाला खोकला नव्हता. दोघातिघांनी तर नवऱ्याच्या हातातला पेला काढून घेतला आणि त्याला दंडाला धरून आणलं. भोंग्याची तिसरी हाक घशातच राहिली.

म्हातारा धापा टाकत त्याच्याजवळ आला. "मी कान देऊन बसलो होतो म्हणून बरं. नाहीतर बिचाऱ्याचा खटला फुकट गेला असता!"

"उपकार झाले, आजोबा," भोंगा म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

दिवस मावळायच्या आत निकाल लागला. सायकलवाल्याला आधी नेलं. मग महिला पोलीस बहिणीला घेऊन व्हरांड्यात आली. भोंगा दाराला टेकून उभा होता. तिला काय काय सांगायचं त्यानं ठरवलं होतं, पण तीच थांबली आणि त्याच्याकडे निरखून बघू लागली.

"दादा, आवाज बसलाय का रे तुझा? आत मला तुझी हाक ऐकूच आली नाही."

त्यानं नुसती मान हलवली.

"गरम पाणी पीत जा. वहिनीला सांग, मीठ घालून देईल." एवढं बोलून ती जिना उतरली.

आतून कारकुनानं पुढचं नाव सांगितलं. भोंगा दारात आला. त्यानं तोंड उघडलं, आणि बाकावरची सगळी माणसं मदतीला सरसावून त्याच्याकडे बघत बसली.