घोंगडीतला साहेब

कापूस निघाला की सोनगीरच्या माझ्या शेतात वच्छलाअक्कांच्या मेंढ्या बसतात. रानाला खत मिळतं, मेंढ्यांना चारा मिळतो आणि मला महिनाभर अक्कांची बोलणी मिळतात. अक्का ठेलारी. उभा जन्म मेंढरांमागे चालण्यात गेला. माणसांशी त्या भांडल्यासारख्या बोलतात, मेंढ्यांशी गोड बोलतात आणि कुत्र्यांशी बोलतच नाहीत.

तो त्यांच्याकडचा नियम. धनगरी कुत्र्याचं पिल्लू डोळे उघडायच्या आत कोकरांत ठेवायचं, मेंढीचं दूध पाजायचं, कुरवाळायचं मात्र अजिबात नाही. मेंढरं हीच आपली माणसं, असं त्याला वाटलं पाहिजे. अक्कांची कुत्री चंद्री अशीच वाढलेली. रुंद छाती, जाड मान, तांबूस अंग आणि गळ्यात खिळ्यांचा पट्टा. तिची आई, आजी, पणजी याच वाटांनी चालल्या. कागदावर काही नाही, पण अक्कांना सगळी पिढीजात हकिगत तोंडपाठ.

गेल्या वर्षी चंद्री साप चावून गेली. मागे एकच पिल्लू उरलं. थंडी तर मरणाची! अक्कांनी त्याला आपल्या घोंगडीत घेतलं आणि झाला घोटाळा. थंडी ओसरली तरी पिल्लू घोंगडी सोडेना. अक्का पाण्याला गेल्या की मागे, चुलीपाशी बसल्या की मांडीवर. मेंढ्यांकडे ढुंकून बघेना. अक्कांचे यजमान मगनआबा त्याला 'साहेब' म्हणू लागले.

"लांडगा उना तं हाऊ तुना पदरमा लपी," आबा म्हणाले.

लांडगा आला तर हा पदरात लपणार, या कल्पनेनं मी हसलो, अक्का हसल्या नाहीत. चंद्रीच्या वंशातलं हे शेवटचं पिल्लू, आणि ते आपल्याच मायेनं बिघडलं, हे त्यांना झोंबलं होतं.

मग त्यांनी मन घट्ट केलं. मेंढीचं दूध अंगाला चोळून साहेबाला कोकरांच्या वाडग्यात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, सोडलं. ताक-भाकरी आबांनी तिथेच ठेवायची, गोचिड्याही त्यांनीच काढायच्या. साहेब जाळीआडून कुंई कुंई करी आणि अक्का पाठ फिरवून बसत. त्या दिवसांत त्या मला धड बोलल्याही नाहीत. मला त्यांची फार दया आली, पण तसं म्हणालो असतो तर काठी खाल्ली असती.

यंदा त्या पुन्हा आल्या, तेव्हा साहेब चांगला थोराड झाला होता. एका सकाळी पाटाच्या कडेला अक्कांचा पाय घसरला. त्या चिखलात बसल्या आणि जोरात ओरडल्या. साहेबानं कान टवकारले. सुसाट निघाला, निम्म्या वाटेपर्यंत आलाही. नेमकी तेव्हाच हायवेच्या ढाब्यावरची मोकाट कुत्री कोकरांकडे वळली.

साहेब थांबला. एकदा अक्कांकडे बघितलं आणि मागे फिरला. कोकरांपुढे उभा राहून असा गुरगुरला, की ती टोळी शेपट्या घालून पळाली.

मी अक्कांना हात दिला, तर त्या हसत होत्या.

"उना नही! देखा का भाऊ, मना साहेब उना नही!"

हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आबा धावत आले.

"काय व्हयनं? पाय दुखस का?"

"पाय नही दुखत," अक्का म्हणाल्या.