मागचं डावं दार

चष्म्याच्या भिंगांच्या त्या कारखान्यात तिला सगळे दुर्बीण म्हणत. अकरा वर्षं ती एकाच टेबलाशी बसली होती. दिव्यासमोर भिंग धरायचं, तिरकं करायचं, ओरखडा शोधायचा. दिवसाला चारशे भिंगं. दुसऱ्याच्या नजरेतून सुटलेलं तिच्या नजरेत अडकायचं. लग्नाचं एक स्थळ तिने मुलाच्या घड्याळाच्या काचेवरून नाकारलं, असं शेजारच्या टेबलाचा पॉलिशवाला येईल त्याला सांगायचा. तीही हसायची. खरं कारण वडील होते. त्यांना एकटं सोडून ती कुठे जाणार?

अकरा वर्षं झाली तरी ती कायम नव्हती. दरवर्षी एक पत्र निघायचं. त्यावर साहेबांची सही झाली की पुढचं वर्ष पदरात पडायचं. साहेब म्हणजे विभागाचे प्रमुख. अलीकडे ते कोणाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत. नजर कानाच्या मागे कुठेतरी लावत. "आपली थोबाडं बघवत नाहीत त्यांना," पॉलिशवाला म्हणायचा. त्यांनी पास केलेल्या ट्रेमध्ये तिला हल्ली ओरखड्याची भिंगं सापडत. ती मुकाट्याने बाजूला काढायची. साहेबांची चूक साहेबांना कोण दाखवणार?

कारखान्याचं आवार अरुंद. गाड्या एकीमागे एक लागायच्या. म्हणून सगळ्यांच्या किल्ल्या फाटकापाशी एका फळीवर टांगलेल्या असत. ज्याला निघायचं असेल त्याने आडवी येणारी गाडी स्वतः बाजूला घ्यायची आणि पाटीवर आपलं नाव लिहायचं. इतक्या वर्षांत कधी तंटा झाला नव्हता.

मंगळवारी दुपारी फाटकावरचा पहारेकरी वर आला.

"ताई, जरा खाली या."

"काय झालं?"

"या तर."

तिच्या जुन्या गाडीचं मागचं डावं दार आत चेपलं होतं. चेपलेल्या जागी फाटकाजवळच्या खांबाचा पिवळा रंग लागला होता. पाटी कोरी होती.

"कोणी काढली होती?"

"मी चहाला गेलो होतो."

"चहा तर तुमच्या हातात आहे."

पहारेकऱ्याने हातातल्या कपाकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला. "साहेबांनी. माझं नाव घेऊ नका. पोरंबाळं आहेत मला."

तिने दाराची मूठ ओढली. दार ढिम्म.

वडिलांचा डावा गुडघा वाकत नसे. ते त्याच दाराने गाडीत जायचे. सीटवर बसायचं, मागे सरकायचं, डावा पाय सीटवर लांब ठेवायचा. दुसऱ्या दाराने तो पाय मावतच नसे. बुधवारी त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं. तिने आणि शेजाऱ्याने त्यांना उजवीकडून आत घातलं. गुडघा चौकटीवर आपटला. वडील ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "गाडी लहान झाली का गं?"

गॅरेजवाल्याने विम्याचा कागद पुढे केला. त्यात एक रकाना होता. अपघाताच्या वेळी गाडी चालवणाऱ्याचं नाव आणि सही.

"एवढी सही आणा. मग दाराला हात लावतो," तो म्हणाला.

त्याच बुधवारी पत्रं यायची होती. आली नाहीत. गुरुवारीही नाहीत. तिच्यासह सहा जणांची पत्रं होती. दार साहेबांकडून चेपलं हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. बाकीचे पाच जण तिच्याकडे बघू लागले.

"तुझ्या दारापायी आमचा जीव टांगणीला," पॉलिशवाला म्हणाला. त्याचंही पत्र अडलं होतं. आज तो हसत नव्हता. "तुझंच नाव टाक आणि मोकळी हो. खांब काय साक्ष द्यायला येणार आहे?"

"मी चालवत नव्हते."

"मग जा. सांग त्यांना. आणि येताना आमची नोकरी पण गेटवर ठेवून ये."

घरी तिने पेन हातात घेतलं. आपलं नाव लिहायला लागतो किती वेळ? पहिलं अक्षर निम्मं झालं आणि हात थांबला. मंगळवारी दुपारी ती टेबलाशी होती. अकरा वर्षांत ओरखड्याचं एकही भिंग तिने चांगलं म्हणून पुढे दिलं नव्हतं. त्या रात्री झोपेचं खोबरं झालं. शेजारच्या खोलीत वडील पाय चोळत होते. तिला ते ऐकू येत होतं.

शुक्रवारी ती साहेबांच्या केबिनपाशी गेली. दोनदा परत फिरली. तिसऱ्यांदा दार ढकललं.

"साहेब, माझी गाडी..."

"बघितलं मी. जुनंच आहे ते," साहेब तिच्या कानाकडे बघत म्हणाले.

"जुन्या ओरखड्यात धूळ बसते, साहेब. यात नाही. पिवळा रंग आहे, ओला असल्यासारखा."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

आता संपलं, असं तिला वाटलं. तरी तिने कागद टेबलावर ठेवला. "बाबांना त्याच दाराने बसता येतं. दुसरं काही मागत नाही मी."

साहेबांनी हात पुढे केला. कागद होता त्याच्या अलीकडे तो टेकला. बोटं टेबलावर चाचपडली.

ती बघत राहिली. भिंग बघावं तशी.

"साहेब, तुम्हाला..."

"ज्याच्याकडे बघायला जावं तेच जातं," ते म्हणाले. "नजरेच्या मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं. तू आत्ता मला दिसत नाहीस, तुझ्यामागचं कपाट दिसतं. खांबाकडे नीट बघत होतो मी. म्हणून तोच दिसेनासा झाला."

"किती दिवस झाले?"

"झाले बरेच." ते ओशाळं हसले. "चष्म्याचा धंदा. कोणाला सांगू?"

"मग आता गाडी..."

"तीन दिवस बसने येतोय. किल्ली बायकोच्या ताब्यात दिली." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "कुठे करायची सही?"

तिने रकान्याखाली बोट ठेवलं. त्यांनी सही केली. शेवटचा फराटा तिच्या नखावर आला. दोघांनीही माफी मागितली नाही.

कागद उचलून ती दाराकडे वळली. आता ह्यांचं गुपित आपल्या हातात आहे. असं गुपित जवळ असलेल्या माणसाला कोण वर्षभर समोर ठेवील? विचारायचं नव्हतं, तरी तिच्या तोंडून निघून गेलं.

"साहेब, आमची पत्रं?"

त्यांनी खण ओढला. सहा पाकिटं टेबलावर टाकली. न फोडलेली.

"मंगळवारी संध्याकाळीच आली. वरून ताकीद आहे, प्रत्येक पत्र वाचून सही करायची. आजवर कसंबसं निभावलं. अक्षरं आता अजिबात लागत नाहीत. आणि वाचून दाखव म्हणायचं तरी कोणाला?"

दुर्बिणीने परत येऊन खुर्ची ओढली. पहिलं पाकीट फोडलं. ते पॉलिशवाल्याचं होतं. तिने नाव वाचलं.

"हळू," साहेब म्हणाले. "बाहेर ऐकू जाईल."

तिने आवाज खाली आणला. आणि पहिल्या ओळीपासून, एकही शब्द न गाळता, पत्र वाचायला लागली.