देव तेवढे ठेवले

ठाकुर्लीचा फ्लॅट आम्हाला विकताना त्याचे जुने मालक, म्हणजे शेजारीपाजारी म्हणत ते काका, म्हणालेले, "सगळं फिटिंगसकट देतो, काळजीच करू नका." चावी घेऊन आत गेलो तर पंखे गायब, गीझर गायब, दारावरची बेलसुद्धा उचकटून नेलेली. बाथरूममध्ये नळाच्या जागी नुसतं बूच. देव्हाऱ्यात मात्र कान तुटलेला गणपती आणि तडा गेलेल्या काचेतली लक्ष्मी जागच्या जागी.

मी तणतणत फोन लावला. काका शांतपणे म्हणाले, "अहो, वास्तूचे देव वास्तूतच राहू द्यावेत. आमच्यात हलवत नाहीत."

म्हणजे भंगलेल्या देवांचं विसर्जन आमच्या गळ्यात, आणि वर पुण्य यांना!

संध्याकाळी बायकोने देव्हाऱ्याचं बटण दाबलं, तेव्हा कळलं. देवांपुढचा झिरोचा बल्ब काकांनी होल्डरसकट नेला होता.