सतरा नंबरची मुलगी

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हा मी अमडापूरच्या शाळेत शिकवत होते. चौथीच्या वर्गात एकेचाळीस मुलं. पट न उघडता मी हजेरी घ्यायचे आणि त्याचा मला थोडा ताठाही होता. मग पिंपळगाव राजाला बदली झाली. तिथंही चौथीच मिळाली. दिवाळीपर्यंत ती हजेरीही तोंडपाठ झाली.

दोन वर्षांनी चिखलीच्या एसटी स्टँडवर वांग्यांची टोपली खाली ठेवून एक मुलगी धावत आली.

"बाई, मले ओयखलं का?"

चेहरा लख्ख ओळखीचा. अमडापूरचा वर्ग, खिडकीजवळची जागा, सतरावा नंबर. मी आनंदानं तिला नावानं हाक मारली. ती हिरमुसली.

"थे मी नाही, बाई."

मी घेतलं होतं पिंपळगावच्या सतरा नंबरचं नाव. खरं नाव शोधू लागले, तर पुन्हा तेच पुढं यायचं. जितकं बाजूला सारावं तितकं जास्तच आडवं यायचं. शेवटी तिनंच नाव सांगितलं.

मी ओशाळले. "अवं, तुमचा सारा वर्गच विसरले मी. एक पोर बकरीचं पिल्लू घेऊन वर्गात यायची, तेवढी एकच आठवते."

तसं पिल्लू आणणारं पिंपळगावात कोणी नव्हतं, हे माझ्या त्या क्षणी लक्षात आलं. त्या पिल्लूवालीच्या नावाच्या जागेवर दुसरं कुणी येऊन बसलंच नव्हतं.

"मले तं सारी हजेरी पाठ हाये," मुलगी म्हणाली आणि वर्गात उभी राहावी तशी ताठ उभी राहून एक नंबरपासून सुरू झाली. स्वतःचं नाव आलं तेव्हा "हजर, बाई" म्हणून हसली. एकेका नावासरशी एकेक चेहरा माझ्यापुढं येत होता. म्हणजे ती मुलं माझ्या डोक्यातून गेली नव्हती. फक्त मागं ढकलली गेली होती.

"तुझ्या कसं लक्षात राहिलं इतकं?"

"चौथीनंतर शाळा सुटली ना माही. दुसरी हजेरी ऐकलीच कुठी मी?"

तेवढ्यात तिच्या वडिलांनी हाक मारली, "चाल वं, गाडी लागली!"

टोपली उचलून ती पळाली. आठ नावं राहिली होती. ती तिनं खिडकीतून ओरडून सांगितली. इंजिनाच्या आवाजात मला पाचच ऐकू आली.