जानकीने गळ्यात घातलेलं घुमट

धारगळच्या जानकीला नवरा मिळाला तो लग्नानंतर पंचवीस वर्षांनी, असं ती स्वतःच हसत सांगायची. तोवर सगुण तिकडे डिचोलीत, सुर्ल्याच्या खाणीवर खनिजाचा ट्रक चालवत होता. शनिवारी यायचा, अंगावरची तांबडी धूळ न्हाणीत सोडायचा आणि सोमवारी उजाडायच्या आत पसार. खाणी बंद पडल्या तेव्हा सगळ्या डिचोलीने कपाळाला हात लावला. जानकीने मात्र मनातल्या मनात देवाला नारळ कबूल केला.

त्यानंतर रोज सकाळी दोघं मिळून हमरस्त्याकडे निघायची. तिच्या डोक्यावर मिरच्या-भेंड्यांची पाटी, त्याच्या खांद्यावर केळ्यांचा घड. बांधावरून जोडीने चालता येत नसे, तर सगुण खुशाल चिखलात उतरून तिच्या बाजूने चालायचा. बोलणं काही मोठं नसायचं. कुणाचा रेडा कुणाच्या शेतात शिरला, एवढंच. पण जानकीचं खरं लग्न लागलं ते त्या वाटेवर.

मग कंपवात आला. उंबऱ्याशी पोचला की सगुण तिथेच खिळायचा; डोकं म्हणायचं चल, पाय म्हणायचे कुठे. जानकी एकटी रस्त्यावर जाऊ लागली. वाटभर तिला त्याची आठवण यायची. नवरा घरात बसलेला असताना त्याची आठवण येते, हे सांगायचं तरी कुणाला?

शिगम्यात भर दुपारी रोमटाची मिरवणूक दारावरून चालली. ढोल-ताशांचा ठेका अंगणात शिरला आणि खुर्चीतला सगुण उठून चालू लागला. अडखळला नाही, थांबला नाही, मिरवणुकीच्या मधोमध थेट देवळासमोरच्या मांडापर्यंत, शिगमा खेळायच्या जागेपर्यंत गेला.

"सगुणाच्या आंगात अवसर इलो!" लोकांनी हातच जोडले. अंगात देव संचारला की माणसाचे पाय त्याचे राहत नाहीत, हे ज्यांनी लहानपणापासून पाहिलं त्यांची चूक तरी कशी म्हणायची? शेजारच्या गंगाने त्याच्या पायांवर पाणी घातलं. गोकुळदासाने तर म्हैस विकू की ठेवू, असं विचारून घेतलं. सगुण बिचारा "माका पाणी दिया रे" एवढंच म्हणत होता. ढोल थांबला तसा देवही उतरला, आणि चौघांनी त्याला उचलून घरी आणलं.

शिगमो संपला आणि दुसऱ्याच दिवशी जानकी ढोलवाल्या बाबाजीच्या दारात उभी. "बाबाजी, आमच्या आंगणात वाइच ढोल वाजय."

"शिगमो सोंपलो गे वैनी. ढोल आता बांदून ठेवलो. फुडल्या वर्सा बघूया."

पुढल्या वर्षापर्यंत दम धरायला जानकी काही विशीतली नव्हती. सगुणाला तपासायला पेडण्याला नेलं तेव्हा तिने डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, चालायला मेंदूत एक आतला ताल लागतो, तो या आजारात हरवतो. कानावर एकसारखा ठेका पडला की मेंदूतल्या लहरी त्याला धरून चालतात, आणि त्यांच्यामागून पाय. ताल उसना मिळाला तरी चालतो. "पण रोज लागू पडेलच असं नाही. आजार पुढे सरकतो, जानकीबाई."

म्हणजे देव नव्हे तर. जानकीला जरा वाईट वाटलं, आणि लगेच बरंही वाटलं. देव बोलावून येत नाही, ताल बोलावता येतो.

घरात आरतीचं घुमट होतं, मातीचं, तोंडाला चामडं ताणलेलं. ते सगुणच वाजवायचा. बाईने घुमट गळ्यात घातलेलं त्या वाड्यावर कुणी पाहिलं नव्हतं. जानकी ते घेऊन अंगणात बसून वाजवू लागली. त्याचं पाऊल उचललं की आनंदाने हिचा हात पळायचा, आणि तो पुन्हा खिळायचा.

"सावकाश गे! म्हस लागल्या काय पाठी?" सगुण करवादायचा.

हळूहळू हात बसला. सगुण तुळशीपर्यंत गेला, फाटकापर्यंत गेला. पण ती बसलेली आणि तो दूर चाललेला, हे कुठे हवं होतं तिला?

एका सकाळी तिने घुमटाची दोरी गळ्यात अडकवली. पाटी घरीच राहिली. गंगाने कुंपणावरून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "देवाक तरी भी गे, जानकी!"

"देवाक सगळा म्हायत आसा. तू तुजी भाजी बघ, करापता ती."

बांधावर जागा एकाचीच. या खेपेला चिखलात ती उतरली. घुमटाच्या ठेक्यावर सगुणाची पावलं एकामागून एक पडत होती आणि त्याची सावली तिच्या सावलीला लागून चालली होती. कुणाचा तरी रेडा शेतात शिरलाय, असंही तो म्हणाला. जानकीचे डोळे भरून आले, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

हमरस्ता आला. चिंचेखालची त्यांची विकायची जागा आली. तिथे थांबायचं ठरलं होतं. पण थांबायचं म्हणजे हात थांबवायचा, आणि उद्या हे पाय ऐकतील की नाही ते कुणी सांगावं? चिंच मागे पडली.

"जानकी, आपली जागा मागे रवली गे."

"म्हायत आसा."

"मगे आता खंय?"

तिची बोटं सुजली होती, ट्रकवाले माना वळवून बघत होते. ती वाजवत राहिली, आणि सगुण तिच्या बाजूने चालत राहिला.